टपकणारा नळ घरच्या घरी : पाणी बंद करण्यापासून शेवटच्या आट्यापर्यंत

बाथरूममधली पहिली दुरुस्ती म्हणून टपकणारा नळच निवडावा. खराब झालेला भाग मुठीत मावतो, काम तास-दीड तासात उरकतं आणि काही जमलं नाही तर नळ होता तसा जोडून पाणी पुन्हा सुरू करता येतं. भिंतीतली ओल, टाइल्सखालून झिरपणारं पाणी, जमिनीतून उचलावा लागणारा कमोड, गीझरच्या आतली गळती ही कामं पहिल्यांदा हातात घेऊ नका. तिथली चूक लगेच दिसत नाही. ती काही आठवड्यांनी, बहुतेक वेळा खालच्या मजल्यावरच्या छताला दिसते.

पाना हातात घेण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. नळातलं पाणी अडतं ते बहुतेक ठिकाणी एखाद्या मऊ भागामुळे. रबर, सिलिकॉन, टेफ्लॉन यांपैकी काहीतरी दोन कडक भागांच्या मधे नीट बसलेलं असतं. ते झिजलं, वाकडं बसलं किंवा त्याखाली वाळूचा कण अडकला की पाणी वाट काढतं. अशा वेळी नट कितीही आवळला तरी गळती थांबत नाही, उलट रबर चिरडतं, प्लास्टिकच्या जोडाला तडा जातो, पितळेचे आटे जातात. घरच्या दुरुस्त्यांमध्ये नवीन नुकसान होतं ते बहुतांशी या जादा आवळण्यातून.

गळती नेमकी कुठली

पाणी खाली ओघळत येतं, म्हणून जिथे ओलं दिसतं तिथेच गळतं असं धरून चालू नका. सगळा नळ कोरड्या फडक्याने पुसून घ्या आणि टिश्यू पेपरचा तुकडा वरच्या जोडापासून खालच्या जोडापर्यंत एकेका ठिकाणी टेकवत या. कागद सगळ्यात वर जिथे ओला होईल ते गळतीचं मूळ.

नळ बंद असताना तोटीतून थेंब पडत असेल तर दोष आतल्या वॉशरचा (रबरी चकतीचा) किंवा कार्ट्रिजचा (पाणी उघड-बंद करणाऱ्या, अख्ख्या बाहेर निघणाऱ्या आतल्या भागाचा). नळ चालू केल्यावरच मुठीच्या बुडाशी पाणी येत असेल तर मुठीखालच्या दांड्याभोवतीची ओ-रिंग (रबरी कडं) किंवा ग्लँडचं पॅकिंग (दांड्याभोवती दाबून बसवलेलं, पाणी अडवणारं भरण) गेलेलं असतं. नळ भिंतीतून बाहेर येतो तिथे कायम ओल असेल तर तो आट्यांचा जोड. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. तोटीतून गळतंय म्हणून भिंतीतला जोड आवळून काहीच साधणार नाही.

शॉवरच्या बाबतीत जरा थांबून बघा. शॉवर बंद केल्यावर त्याच्या चाळणीत थोडं पाणी साठून राहतं आणि ते काही मिनिटं थेंब थेंब पडत राहतं. ती गळती नव्हे. पंधरा-वीस मिनिटांनीही थेंब चालूच असेल तर मात्र दोष वरच्या चाळणीत नसून खालच्या कॉकमध्ये आहे.

गळतं ते किती, हेही एकदा मोजा. नळाखाली तासभर भांडं ठेवा, जमलेलं पाणी मापून त्याला 24 ने गुणा. तासाला 200 मिली म्हणजे दिवसाला 4.8 लिटर. दुरुस्तीनंतर हेच भांडं पुन्हा ठेवायचं आहे.

पाणी बंद करताना

बेसिनखाली आणि कमोडजवळ भिंतीतून निघालेला छोटा कॉक असतो, तो अँगल कॉक. बेसिनचा नळ किंवा फ्लश टाकीचं काम असेल तर तो बंद केला की पुरतं. भिंतीतल्या नळाला असा वेगळा कॉक नसतो, त्यासाठी बाथरूमचा किंवा टाकीवरून येणारा मुख्य कॉक बंद करावा लागतो. मिक्सर असेल तर गरम आणि गार, दोन्ही बाजू बंद करा. एकच बंद केली तर मिक्सर उघडताच दुसऱ्या बाजूचं पाणी अंगावर येतं. गीझरचं बटणही याच वेळी बंद करा आणि मिक्सर उघडण्याआधी गरम नळातून वाफाळतं पाणी येत नाही ना, हे पाहा.

वर्षानुवर्षं न हललेला कॉक हा या कामातला खरा अवघड भाग. त्याच्यावर एकदम जोर लावू नका. थोडा बंद, थोडा उघडा, पुन्हा थोडा बंद, असं पुढेमागे करत न्या. आतला क्षार असा हळूहळू सुटतो. फिरवल्यावर त्याच्या दांड्यापाशी पाणी झिरपायला लागलं तर घाबरण्याचं कारण नाही, दांड्याभोवतीचा नट, म्हणजे ग्लँड नट, पाव फेरा आवळला की बहुधा थांबतं. पण कॉक पूर्ण फिरूनही नळातून बारीक धार येतच राहिली तर तिथेच थांबा. त्याच्या वरचा कॉक शोधा. अर्धवट बंद पाण्यावर नळ उघडणं ही या कामातली सगळ्यात मोठी चूक आहे.

पाणी बंद झाल्यावर नळ उघडा ठेवून पाइपातलं पाणी जाऊ द्या. मग मोरीच्या जाळीवर आणि बेसिनच्या भोकावर फडकं घाला. लहान स्क्रू हातातून निसटला की तो जाळीकडेच जातो. सुटा केलेला प्रत्येक भाग काढला त्या क्रमाने टॉवेलवर डावीकडून उजवीकडे मांडा आणि मोबाइलमध्ये फोटो काढत जा. जोडताना उजवीकडून डावीकडे यायचं. आणखी एक, काम सकाळी सुरू करा. आतला भाग काढल्यावरच त्याचं माप कळतं, आणि तेव्हा दुकान उघडं असायला हवं.

हत्यारं फार लागत नाहीत: एक ॲडजस्टेबल पाना, चपटा आणि चौफुलीचा असे दोन स्क्रू ड्रायव्हर, ॲलन कीचा संच, पक्कड, टेफ्लॉन टेप, जुना टूथब्रश, टॉर्च आणि बादली. दातेरी पाइप पाना चकाकत्या नळावर कधीच चालवू नका, क्रोमवर दातांचे ओरखडे उठतात ते जात नाहीत. साध्या पान्याच्या जबड्यालाही कापडाची पट्टी गुंडाळून घ्या.

वॉशरचा नळ

पूर्ण बंद व्हायला दोन-तीन फेरे घेणारा नळ म्हणजे वॉशरचा नळ. मुठीवरची टिकली सुरीच्या टोकाने हळूच उचला, खालचा स्क्रू काढा, मूठ वर ओढा. मूठ क्षाराने घट्ट बसली असेल तर तिच्यावर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं पाच-दहा मिनिटं गुंडाळा आणि मग डावी-उजवीकडे हलवत काढा. खाली षटकोनी नट दिसेल. तो सोडवण्याआधी दांडा फेरा-दोन फेरे उघडा करून ठेवा. नाहीतर आतला वॉशर बैठकीवर, म्हणजे तो टेकतो त्या पितळी काठावर, दाबलेलाच राहतो, सोडवताना आणखी जोर लागतो आणि बैठकीलाही ओरखडा पडतो. एका हाताने नळाचं अंग धरून ठेवा, दुसऱ्या हाताने पाना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. नुसता पाना ओढला तर अख्खा नळ भिंतीत फिरतो आणि मागचा चांगला जोडही सुटतो.

आतला भाग बाहेर आला की टोकाला रबरी वॉशर दिसेल. तो लगेच फेकू नका, उजेडात धरून नीट बघा. त्याच्यावर बैठकीचा गोल ठसा उमटलेला असतो. ठसा सगळीकडून सारखा खोल आणि रबर कडक झालं असेल तर तो वयाने झिजला आहे, नवा घातला की काम झालं. पण ठशाच्या एकाच जागी रबर चिरल्यासारखं, कुरतडल्यासारखं दिसत असेल तर दोष वॉशरपुरता नाही. नळाच्या आत, जिथे वॉशर टेकतो त्या पितळी बैठकीच्या काठावर खाच पडलेली आहे, आणि तीच नव्या वॉशरलाही कापणार. कान साफ करायची कापसाची काडी घ्या आणि बैठकीच्या गोल काठावरून अलगद फिरवा. काठ गुळगुळीत असेल तर कापूस सरकत जातो. खाच असेल तिथे त्याचा तंतू अडकतो. डोळ्यांना न दिसणारी खाच अशी सापडते.

वॉशर तीनदा बदलला तरी नळ गळतोच, अशी तक्रार असते तिथे ही बैठक क्वचितच कुणी तपासलेली असते. त्यासाठी बैठक घासायचं छोटं कटर मिळतं. ते सरळ उभं धरून हलक्या हाताने दोन-तीन फेरे द्यायचे, निघालेला पितळेचा कीस पाण्याने धुऊन टाकायचा. खाच खोल असेल तर कटरच्या नादी न लागता नळच बदललेला बरा.

नवा वॉशर जुन्याच्याच व्यासाचा हवा. मोठा घेतला तर त्याच्या कडा दुमडतात आणि लहान घेतला तर तो बैठकीचा पूर्ण काठ झाकत नाही. वॉशर मधल्या बारीक नटने धरलेला असेल तर नट टेकेपर्यंतच आवळा. रबर मधे फुगून वर आलं तर ते जास्त झालं. दांड्यावरची ओ-रिंग हाताशी असताना तीही बदला. तिला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. पेट्रोलियम जेली लावू नका, बऱ्याच प्रकारचं रबर तिने फुगतं आणि सैल पडतं.

पाव फेऱ्याचा नळ आणि मिक्सर

मूठ नव्वद अंशात उघडते-मिटते त्या नळात रबरी वॉशरऐवजी सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात. एक स्थिर, एक फिरणारी. दोन्हींची भोकं समोरासमोर आली की पाणी वाहतं, हटली की थांबतं. इथे पाणी अडवायला मऊ भाग नसतो. चकत्या इतक्या सपाट घासलेल्या असतात की दोघींमधे जागाच उरत नाही. म्हणून वाळूचा एक कण त्यांना पुरतो. असा नळ गळू लागला की लोक मूठ जोराने दाबून बंद करतात. त्याचा उपयोग शून्य, कारण मूठ दाबून चकत्या जवळ येत नाहीत.

आतलं कार्ट्रिज काढून आधी स्वच्छ पाण्यात धुवा, बुडाच्या रबरी रिंगेला चीर किंवा चपटेपणा आहे का पाहा. गळती कधी कधी या रिंगेचीच असते. क्षार साचला असेल तर साध्या व्हिनेगरमध्ये अर्धा-एक तास बुडवून ठेवा आणि टूथब्रशने घासा. चकत्या स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, टवका उडाला की कार्ट्रिज गेलंच. धुऊनही गळत असेल तर नवं घ्यावं लागतं.

नवं आणताना जुनं सोबत न्या आणि चार गोष्टी जुळवा: अंगाचा व्यास, एकूण लांबी, मूठ बसते त्या टोकावरच्या दात्यांची संख्या आणि बंद होण्याची दिशा. दाते साधारण 20 किंवा 24 असतात आणि नुसत्या नजरेला सारखेच वाटतात, म्हणून मोजाच. दिशा चुकली तर नळ चालतो, पण गरम आणि गार मुठी विरुद्ध बाजूंना फिरू लागतात.

एकाच दांडीच्या मिक्सरमध्ये दांडीखाली, लाल-निळ्या टिकलीमागे एक बारीक, डोकं नसलेला ग्रब स्क्रू लपलेला असतो, त्याला बहुधा 2.5 किंवा 3 मिमीची ॲलन की लागते. की पूर्ण आत टेकवूनच फिरवा, अर्धवट घुसलेली की स्क्रूचं भोक गोल करून टाकते. आतलं कार्ट्रिज बहुतेक 35 किंवा 40 मिमी व्यासाचं असतं. त्याच्या बुडाला दोन छोटे खुंट असतात, ते नळातल्या खळग्यांत बसले पाहिजेत. खुंट बसले नाहीत तर कार्ट्रिज किंचित तिरकं राहतं, आणि वरचा नट आवळताच बुडाचं रबर एका बाजूने चिरडतं. नट हाताने टेकवा, मग पान्याने थोडा थोडा. दांडी हातानेच फिरवून बघत राहा: जड लागली तर नट जास्त झाला, दांडीखाली पाणी आलं तर कमी.

भिंतीतला अख्खा नळ बदलताना

घरातल्या बहुतेक नळांचे आटे अर्ध्या इंची, म्हणजे 15 मिमीचे म्हणवले जातात. टेप लावून मोजलं तर बाहेरचा व्यास जवळपास 21 मिमी भरतो आणि नवखा माणूस गोंधळतो. अर्धा इंच हे जुन्या लोखंडी पाइपाच्या आतल्या भोकावरून पडलेलं नाव आहे. बीएसपी (ब्रिटिश स्टँडर्ड पाइप) मापाच्या अर्ध्या इंची आट्याचा बाहेरचा व्यास 20.95 मिमी असतो आणि एका इंचात 14 आटे असतात. पाऊण इंचीचा व्यास 26.4 मिमीच्या आसपास.

जुना नळ निघाल्यावर भिंतीतल्या आट्यांमधला जुना टेप, सुतळी, सिमेंट टूथब्रशने पूर्ण काढा. मग नवा नळ टेप न लावता हाताने फिरवून बघा. किती फेऱ्यांत तो घट्ट होतो आणि त्या वेळी तोंड कुठे असतं, हे लक्षात ठेवा. भोक फार आत असेल तर मधे एक्स्टेंशन निपल (आट्यांचा छोटा जोडतुकडा) लागेल, तेही याच वेळी कळतं.

टेफ्लॉन टेपची दिशा महत्त्वाची. आट्यांचं टोक आपल्याकडे करून धरा आणि घड्याळाच्या दिशेने गुंडाळा. उलटा गुंडाळला तर नळ फिरवताना तो उलगडत जातो. पहिला आटा मोकळा सोडा, टेप ताणून धरा, मागचा थर अर्धा झाकत जा. नेहमीचा पातळ टेप 0.075 मिमी जाडीचा असतो, त्याचे आठ-दहा वेढे लागतात, आटे सैल असतील तर आणखी तीन-चार. शेवटी अंगठ्याने दाबला की टेपाखालून आट्यांच्या रेघा दिसायला हव्यात.

आता नळ हाताने जाईल तितका फिरवा आणि उरलेला फेरा-दीड फेरा पान्याने. तोंड सरळ खाली आलं की थांबा. थोडा पुढे गेला म्हणून मागे फिरवून सरळ करण्याचा मोह होतो आणि तिथेच जोड बिघडतो. आट्यांत दाबून बसलेला टेप मागे फिरवताना फाटतो, सैल होतो. पुढे गेलेला नळ एकतर आणखी पूर्ण फेरा फिरला पाहिजे किंवा पूर्ण काढून, टेप खरवडून नव्याने लावला पाहिजे. भिंतीत प्लास्टिकचा पाइप आणि त्यात पितळी आट्यांचा एल्बो (काटकोनी जोड) असेल तर नळ काढून नव्याने टेप लावण्याचाच मार्ग धरा. पूर्ण फेऱ्याच्या हट्टाने एल्बो फुटला तर टाइल फोडावी लागते.

बेसिनचा किंवा हँड शॉवरचा कनेक्शन पाइप मात्र टेपशिवाय बसवायचा असतो. त्याच्या नटमध्ये रबरी वॉशर असतो आणि पाणी तोच अडवतो. तिथे टेप गुंडाळला तर नट पूर्ण टेकतच नाही. हाताने घट्ट आणि वर पाव फेरा, एवढंच.

फ्लश टाकीची मुकी गळती

नळ टपकतो तेव्हा ऐकू येतं. कमोडची टाकी आवाज न करता गळते, म्हणून हे काम त्याच दिवशी जोडीला घ्या. टाकीत खाण्याच्या रंगाचे आठ-दहा थेंब टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. कमोडच्या भांड्यात रंग उतरला तर टाकीच्या तळाचं रबर पाणी धरत नाही. रंग उतरला नाही, पण टाकी सारखी भरण्याचा आवाज येतो, असं असेल तर आत बघा. पाणी ओव्हरफ्लोच्या (जादा पाणी वाहून नेणाऱ्या) नळीत जात असेल तर दोष फ्लोटचा, म्हणजे टाकी भरली की पाणी थांबवणाऱ्या तरंगत्या भागाचा. पाण्याची पातळी त्या नळीच्या तोंडापासून साधारण 25 मिमी खाली हवी. फ्लोटचा स्क्रू फिरवून ती खाली आणता येते.

तळाच्या रबरासाठी अँगल कॉक बंद करा, फ्लश करून टाकी रिकामी करा आणि मधला फ्लश व्हॉल्व्ह पाव फेरा फिरवून वर उचला. बहुतेक दोन बटणांच्या टाक्यांत तो असाच निघतो. बुडाची सिलिकॉन रिंग बोटाने चाचपा. तिच्यावर बारीक क्षार किंवा शेवाळाचा बुळबुळीत थर असेल तर नुसतं पुसून काम भागतं, कडा लाटेसारखी झाली असेल तर नवी रिंग घ्या. रिंग ज्या काठावर टेकते तो काठही पुसा. हे विसरलं तर नवी रिंगही गळते. टाकी चिनी मातीची असेल तर तिचे बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. माती वाकत नाही, सरळ तडकते.

क्षार काढायला तीव्र ॲसिड वापरू नका आणि ब्लीचसोबत तर कोणतंच आम्ल नको, व्हिनेगरसुद्धा. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो घातक ठरतो.

पाणी सुरू करताना

नळाच्या तोंडाची जाळी काढून ठेवा. मुख्य कॉक एकदम न उघडता पाव पाव फेऱ्याने उघडा. आधी हवा येईल, मग गढूळ पाणी. मिनिटभर वाहू द्या, सुटलेला क्षार आणि पितळेचा कीस निघून जाऊ द्या, मगच जाळी धुऊन लावा. ही मिनिटभराची कसर केली तर तोच कण नव्या कार्ट्रिजमध्ये जाऊन बसतो.

मग पुन्हा सगळं कोरडं पुसून टिश्यू पेपर घ्या. दहा मिनिटांनी एकदा, तासाभराने एकदा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा प्रत्येक जोडाला टेकवा. रात्री वापर थांबल्यावर पाइपातला दाब वाढतो, संध्याकाळी कोरडा असलेला जोड म्हणून सकाळी ओलसर सापडू शकतो. रबरी वॉशरचा जोड असेल तर अष्टमांश फेरा आवळून बघा. टेपचा जोड असेल तर आवळत बसू नका, काढून पुन्हा टेप लावा. तोटीखाली ते भांडं तासभर ठेवा. जुना वॉशर किंवा कार्ट्रिज छोट्या पिशवीत घालून वर नळाची जागा, व्यास, दात्यांची संख्या आणि तारीख लिहा आणि टेफ्लॉन टेपच्या डब्यात ठेवून द्या.